पूर्णविरामानंतर फट पडते? या क्रमाने तपासा

मी पुण्यात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावते. अठरा वर्षं हेच काम करतेय आणि या अठरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला दोष कुठला, तर वाक्य संपल्यानंतरची जागा. शुद्धलेखन मुद्रितशोधक बघतात, चित्रं चित्रकार देतात; वाक्यामागची ही पांढरी जागा मात्र कोणाच्याच वाट्याला नसते आणि छापून आल्यावर सगळ्यांना खुपते. म्हणून माझा तपासायचा क्रम इथे लिहून ठेवते. आधी फुकटातले, मिनिटाभराचे उपाय. अवघड ते शेवटी.

लक्षणं

वाक्य संपून दुसरं सुरू होताना मधली जागा डोळ्यांना जास्त वाटते. बहुतेकदा सगळीकडे नाही, अधूनमधून.

दोन्ही कडा सरळ केलेल्या, म्हणजे जस्टिफाय केलेल्या परिच्छेदात वरून खाली पांढरे ओघळ उतरल्यासारखे दिसतात. पान हातभर लांब धरून डोळे किंचित बारीक केले की ते लगेच कळतात.

पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह आपल्या वाक्याला सोडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटं जाऊन बसतं.

दोन वाक्यं एकमेकांना चिकटतात आणि तो अख्खा जोड खालच्या ओळीत उतरतो, वरची ओळ विरळ पडते.

एका वाक्यानंतरची जागा बारीक, दुसऱ्यानंतरची जाड. मोजून बघितलं तर दोन्हीकडे स्पेस एकच.

आणि सगळ्यात वैताग आणणारं लक्षण: दोन स्पेस शोधून रिप्लेस ऑल दिलं, काही सापडलं नाही असं उत्तर आलं, तरी फट जागच्या जागी.

नेमक्या किती स्पेस हव्यात

एक. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्या आधी एकही नाही आणि नंतर एकच. हे ठाम सांगते, कारण यावर वाद घालणारे मला दर मोसमात भेटतात.

दोनची सवय कुठून आली तेही सांगायला हवं, नाहीतर समोरच्याला आपण उगाच चूक ठरवतो. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षरामागे गाडा सारख्याच मापाने पुढे सरकतो. पूर्णविरामाच्या एवढ्याशा ठिपक्यालाही पूर्ण अक्षराएवढं घर मिळतं. सगळंच असं एका मापात विरळ असलं की वाक्य कुठे संपलं ते उठून दिसत नाही, म्हणून टायपिंगच्या वर्गात दोनदा स्पेसबार मारायला शिकवायचे. त्याहीआधी, खिळ्यांच्या छपाईत, इंग्रजी पुस्तकांत वाक्यानंतर जाड पट्टी घालून मोठी जागा सोडायची रीत होतीच. म्हणजे दोनची सवय अडाणीपणातून आलेली नाही. त्या यंत्राला ती शोभत होती. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनी टायपिंगच्या परीक्षा त्याच पद्धतीने दिल्या. आता त्या परीक्षाही संगणकावर होतात, पण बोटांना लागलेलं वळण परीक्षेबरोबर बदलत नाही.

संगणकावरच्या आजच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते आणि पूर्णविराम आपल्यापुरतीच जागा घेतो. त्यामुळे एक स्पेस पुरते. इंग्रजीतही हा निकाल लागलेला आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमावलीने २००९ च्या आवृत्तीत हस्तलिखितासाठी दोन स्पेस सुचवल्या होत्या. २०१९ च्या सातव्या आवृत्तीत एकच केली. अमेरिकन प्रकाशक वापरतात ती शिकागोची नियमावलीही एकच सांगते. २०२० पासून मायक्रोसॉफ्ट वर्ड इंग्रजी मजकुरातल्या दोन स्पेस चूक म्हणून दाखवतं. दोनच्या बाजूने बोलणारे २०१८ मधला स्किडमोर कॉलेजचा वाचनाचा प्रयोग पुढे करतात. तो मजकूर कुरिअर न्यूमध्ये, म्हणजे टाइपरायटरसारख्या एकाच मापाच्या फॉन्टमध्ये दिलेला होता. त्यावरून आपल्या पुस्तकाचं काही ठरवता येत नाही.

मराठीत तर दोन स्पेस इंग्रजीपेक्षा जास्त नुकसान करतात. आपले शब्द लांब. विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं मूळ शब्दाला जोडून येतं: ‘कार्यालयासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द. दिवाळी अंकाच्या दोन कॉलमांच्या पानावर असे तीन-चार शब्द झाले की ओळ भरते, आणि मी ज्यांची पानं लावते ते प्रकाशक शब्द तोडून हायफन देऊ देत नाहीत. म्हणजे ओळ सरळ करायला ताणायचं काय, तर शब्दांमधल्या या दोन-तीन जागाच. तिथे वाक्यानंतर दोन स्पेस असल्या तर दोन्ही ताणल्या जातात आणि ओळीच्या मधोमध खिडकी उघडते. एकवीस-बावीस शब्द मावणाऱ्या रुंद ओळीत जे खपून जातं, ते चार शब्दांच्या ओळीत लपत नाही.

विरामचिन्हं मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या संपर्काने. त्यात कोशकार मेजर कँडींचं नाव घेतलं जातं. हिंदीने दंड (।) ठेवला, आपण टिंब घेतलं. पण टिंबानंतर किती जागा सोडायची यावर मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांत काही नाही. ते नियम ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि लेखनाचे आहेत. म्हणून हे ठरवायचं काम पान लावणाऱ्यावर येतं, आणि ते त्याने लेखकाशी बोलून आधीच ठरवावं.

पहिली तपासणी: चिन्हं उघडी करा

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आठचा आकडा एकत्र दाबा. लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ-दहा. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेन्यूत न दिसणारी चिन्हं दाखवायचा पर्याय आहे. आता प्रत्येक स्पेसच्या जागी एक बारीक ठिपका दिसेल:

पाऊस थांबला.··तिने छत्री मिटली.·मग दोघी निघाल्या.

दहा सेकंदांचं काम आहे, पैसा लागत नाही आणि अर्धी प्रकरणं इथेच उलगडतात. हे आधी करायचं, कारण नुसत्या डोळ्यांना जागा मोजता येत नाही, ती जाणवते फक्त. फट दिसली की लोक थेट शोधा-बदला चालवतात, आणि दोष दुसराच निघाला तर चांगला मजकूर बिघडवून बसतात. ओळीत ठिपका एकच असूनही फट मोठी असेल तर तिथे स्पेस काढून काहीच साधणार नाही. पुढचं वाचा.

दुसरी: शिफ्ट-एन्टर

चिन्हं उघडी केल्यावर ओळीच्या शेवटी डावीकडे वळलेला बाण दिसला, तर तिथे कोणीतरी शिफ्ट धरून एन्टर मारलंय. परिच्छेद जस्टिफाय असेल तर ही अर्धवट ओळही कडेपर्यंत ताणली जाते. तीन शब्दांची ओळ असेल तर मधे बोटभर जागा पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं दहा स्पेस मारल्यात.

मेलमधून किंवा मेसेजमधून उचललेल्या मजकुरात हे हमखास असतं. शोधायच्या चौकटीत कॅरेट चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी लहान एल लिहा. बदलायच्या चौकटीत कॅरेट आणि लहान पी. कवितांमध्ये मात्र हे एकगठ्ठा करू नका. कवितेत शिफ्ट-एन्टर ओळ मोडायला आणि एन्टर कडवं संपवायला वापरलेलं असतं. दोन्ही सारखं केलं की कडवी एकमेकांत मिसळतात.

तिसरी: खरोखरच्या दोन स्पेस

ही नेहमीची. आधी फाइलची प्रत करा आणि नावात तारीख घाला. हे टाळू नका.

मग कंट्रोल-एच. वरच्या चौकटीत दोनदा स्पेस, खालच्या चौकटीत एकदा. दोन्ही चौकट्या रिकाम्याच दिसतात, म्हणून आधीचं काही उरलंय का ते डिलीट मारून पाहा. रिप्लेस ऑल द्या. मग पुन्हा द्या. आकडा शून्य येईपर्यंत देत राहा, कारण तीन स्पेसच्या पहिल्या फेरीत दोन होतात, दोनची एक व्हायला दुसरी फेरी लागते.

एका निवृत्त लघुलेखकांचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं, १८० पानांचं. आयुष्य कोर्टात गेलेलं, टंकलेखनात एक अक्षर चुकीचं नाही. पहिल्या फेरीत ४,३१२ बदल झाले, दुसरीत ५७, तिसरीत शून्य. ते शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “ताई, एवढ्या चुका केल्या होय मी?” मी म्हटलं, “काका, चुका नाहीत. तुमच्या मशीनला दोन लागायच्या, माझ्याला एक लागते.” मग त्यांनी माझ्या कीबोर्डवर एक वाक्य टंकून दाखवलं. पूर्णविराम आला आणि उजवा अंगठा दोनदा पडला, टक-टक, मनगट जागचं हललंसुद्धा नाही. मी त्यांना सवय बदला असं सांगितलं नाही. चाळीस वर्षांचा अंगठा माझ्या एका पुस्तकासाठी कशाला बदलायचा? दोन मिनिटांचं रिप्लेस आहे, ते मी करते.

आता रिप्लेस ऑल द्यायच्या आधी तीन जागा हुडकून बाजूला काढा, नाहीतर पस्तावाल.

पहिली जागा म्हणजे स्पेस मारमारून लावलेले तक्ते, सही-तारखेच्या ओळी, पत्रातला उजवीकडचा पत्ता. लोक टॅब वापरत नाहीत, स्पेसने ढकलत नेतात. रिप्लेस झालं की सगळं डावीकडे गोळा होतं. हे आधी टॅबवर किंवा खऱ्या तक्त्यावर घ्या.

दुसरी, मुक्तछंदातली कविता. तिथली जागा कवीने मुद्दाम सोडलेली असू शकते. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

तिसरी, ओव्या-अभंग. त्यांचा नियम वेगळा आहे, तो पुढच्या मुद्द्यात.

चौथी: चिन्हाच्या आधी पडलेली स्पेस

‘निघाल्या .’ किंवा ‘कुठे ?’ असं लिहिणारे आजकाल खूप आहेत. संगणकाला ती स्पेस म्हणजे ओळ मोडायची परवानगी वाटते, आणि मग टिंब एकटंच खालच्या ओळीला लागतं. कुठल्याही परिच्छेदात हे एकदा जरी झालं तरी पान बेशिस्त दिसतं, म्हणून दोन स्पेसपेक्षाही हा दोष मी गंभीर मानते.

स्पेस आणि टिंब शोधा, नुसतं टिंब ठेवा. तसंच स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांचं. प्रत्येकाची वेगळी फेरी. वर्डमध्ये वाइल्डकार्ड चालू असेल तर प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’ असा होतो, म्हणून या फेऱ्यांना वाइल्डकार्ड बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर गळून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येईल, आणि ते कळेपर्यंत फाइल सेव्ह झालेली असेल.

दंडाला मात्र ही फेरी लावू नका. अभंग, ओव्या, श्लोक छापताना एकेरी आणि दुहेरी दंडाच्या आधी जागा सोडायची आपली जुनी रीत आहे आणि ती डोळ्यांना बरोबर वाटते. दंड अक्षराला चिकटला तर काना असल्यासारखा वाचला जातो. संतवाङ्मयाच्या पुस्तकात ही जागा मी न तुटणारी ठेवते, म्हणजे दंड ओळीच्या सुरुवातीला जात नाही.

पाचवी: स्पेस नाहीच

‘थांबला.तिने’ असं चिकटलेलं असलं की संगणक त्याला एकच शब्द समजतो. ओळीच्या टोकाला आला तर दोन्ही शब्द हात धरून खाली उतरतात. स्पेलचेकसुद्धा दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारतो.

इथे मोह होतो की टिंब शोधावं, टिंब-स्पेस करावं, झालं. मी एकदा केलंय. पाककृतींचा विभाग होता. ‘१.५ वाटी रवा’ हे ‘१. ५ वाटी रवा’ झालं, आणि दोन ओळींत तुटलं तेव्हा वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत ‘५ वाटी’. प्रूफ बघणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून पाच वाट्या रव्याचा शिरा छापला गेला नाही. तेव्हापासून मी आंधळं रिप्लेस देत नाही. टिंब फक्त वाक्य संपवायला येत नाही: वेळ आहे, १०.३०, रक्कम आहे, इ.स. आहे, पीएच.डी. आहे, मेलचे आणि संकेतस्थळांचे पत्ते आहेत.

म्हणून ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक बघत जायचं. शंभर पानांच्या पुस्तकात चिकटलेली वाक्यं साधारण तासाभरात निघतात. ज्यांना इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेप, म्हणजे अटी घालून शोधायची सूत्रं, लिहिता येतं त्यांनी टिंबाच्या दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तेवढंच पकडणारी अट घालावी. आकडे आपोआप सुटतात. तरी पीएच.डी. सुटत नाही, तेव्हा बघावं लागतंच.

जाता जाता: डॉ., प्रा., कै., आणि नावांची आद्याक्षरं यांच्यानंतरची स्पेस न तुटणारी द्या. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार. ‘डॉ.’ वरच्या ओळीच्या शेवटी आणि आडनाव खाली, हे वाचताना अडखळायला होतं.

सहावी: न दिसणारी पाहुणी

शोधलं, काही सापडलं नाही, तरी फट आहे. चिन्हं उघडी करा आणि नीट बघा. साध्या स्पेसचा ठिपका भरीव असतो. न तुटणारी स्पेस बारीक पोकळ वर्तुळासारखी दिसते. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात ती येते, कारण ब्राउझर सलग आलेल्या साध्या स्पेस एकच करून दाखवतो. कोणी संकेतस्थळाच्या लिहायच्या चौकटीत दोनदा स्पेस मारली, तर ती चौकट दुसरी जागा दिसावी म्हणून तिथे न तुटणारी स्पेस घालते. मग मजकूर तुमच्याकडे येतो तो एक साधी आणि एक न तुटणारी अशी जोडी घेऊन. दोन साध्या स्पेस शोधणाऱ्याला ही जोडी सापडेलच याची खात्री नाही.

वर्डमध्ये कॅरेट आणि इंग्रजी लहान एस शोधा, साध्या स्पेसने बदला, मग तिसऱ्या तपासणीतली फेरी पुन्हा चालवा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळ्या एका जातीच्या करायच्या, मग मोजायच्या. डॉ.नंतर मुद्दाम घातलेल्या न तुटणाऱ्या स्पेसही यात जातात, म्हणून त्या सगळ्यात शेवटी घालाव्यात.

आता मराठीसाठी सगळ्यात महत्त्वाचा इशारा. इंटरनेटवर ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ असा सल्ला आणि तशी साधनं खूप मिळतात. त्यात शून्य रुंदीची जोडखूण, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, हीसुद्धा निघून जाते. ही खूण मराठीत कामाची आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र काही कीबोर्ड याच खुणेने तयार करतात. ती काढली की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं: र उडून य च्या डोक्यावर रफार बसतो. पुस्तकभर. आणि स्पेस दुरुस्त झाल्याच्या आनंदात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. एका कथासंग्रहाचं दुसरं प्रूफ वाचताना मला ‘सार्या’ दिसलं, मग ‘बिचार्या’, मग ‘किनार्यावर’; फाइल लेखिकेच्या भाच्याने ‘साफ’ करून दिली होती. जुन्या प्रतीवरून सगळं परत घ्यावं लागलं. अशी साफसफाई करणारं साधन चालवायचंच असेल, तर आधी या शब्दांच्या एका ओळीवर चालवून बघा.

सातवी: स्पेस एकच, पण अंगाने वेगळी

वर्ड एकाच मजकुरासाठी दोन फॉन्ट धरून असतं, एक रोमनसाठी आणि एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी, आणि दोघांचे आकारही वेगळे ठेवता येतात. अक्षरं देवनागरी आहेत हे त्याला कळतं. स्पेस आणि टिंब दोन्ही लिप्यांना सामाईक, त्यामुळे ते कधी या घरात, कधी त्या. देवनागरी मुक्ता या फॉन्टमध्ये १२ वर आणि रोमन फॉन्ट १६ वर राहिला असेल, तर मधेच इंग्रजी कीबोर्डावर जाऊन मारलेली स्पेस जाड पडते. एक वाक्य बारीक, एक जाड, असं दिसतं ते यामुळे.

सगळा मजकूर निवडा, कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा आणि दोन्ही घरांत एकच फॉन्ट आणि एकच आकार भरा. देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला फॉन्ट घ्या. स्टाइलमध्येच बदल केला तर पुन्हा उद्भवत नाही.

आठवी: पान लावायच्या सॉफ्टवेअरमधलं

इथून पुढे सवय नसेल तर थांबलात तरी चालेल.

इनडिझाइनमध्ये शोधा-बदलाच्या खिडकीत अनेक स्पेसची एक करणारी तयार फेरी असते, ती वापरा. नंतर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय का ते बघा. तो नसेल तर देवनागरी जोडाक्षरंच नीट बसत नाहीत, जागेचा प्रश्न दूरच. मग जस्टिफिकेशनचे आकडे. शब्दांमधली जागा मुळात किमान ८०, हवीशी १००, जास्तीत जास्त १३३ टक्के अशी असते. अरुंद कॉलमात हे आकडे पाळता आले नाहीत की सॉफ्टवेअर मर्यादेबाहेर जातं आणि ओघळ दिसतात. माझा उपाय आकडे वाढवण्याचा नाही. मी अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करते किंवा तो विभाग दोनऐवजी एका कॉलमात घेते. काही जण अक्षरांमधली जागा ताणून ओळ भरतात. देवनागरीत ते करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो.

फोनवरून येणारं

फोनच्या कीबोर्डवर स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आणि स्पेस आपोआप पडते. टाइपरायटरवर शिकलेले यात नेमके अडकतात: ते स्वतः टिंब देतात, मग सवयीने दोनदा स्पेस. कुठे दोन टिंबं पडतात, कुठे जास्तीची स्पेस. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिणाऱ्यांच्या मजकुरात टिंबाऐवजी दंड येतो, तो बदलून घ्या.

कधी थांबायचं

फाइल जुन्या फॉन्टमधली असेल, म्हणजे कृतिदेव, जुनी श्रीलिपी, आकृती वगैरे, तर वर सांगितलेली एकही फेरी तिच्यावर चालवू नका. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये टिंबाच्या जागेवर अर्धा ण आहे आणि पूर्णविराम असतो तो हायफनच्या जागेवर. टिंबानंतर स्पेस घाला असं संगणकाला सांगितलंत तर पूर्णविराम जिथल्या तिथे राहतील आणि ‘पाणी’, ‘कोण’, ‘आणि’ हे शब्द मधून फुटतील. आधी युनिकोडमध्ये आणायचं, मूळ छापील प्रतीशी ताडून बघायचं, मग जागांकडे वळायचं. हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या.

पेजमेकर या पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल असेल तर थांबा. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. उघडायलाच जाणकार लागतो.

तळटीपा, सूची आणि पानांचे संदर्भ असलेला प्रबंध इनडिझाइनमध्ये लावून झाला असेल तर थांबा. चार हजार स्पेस निघाल्या की ओळी सरकतात, ओळींबरोबर पानं सरकतात आणि सूचीतले आकडे खोटे पडतात. ज्याने पानं लावली त्यालाच करू द्या.

कोर्टात दाखल झालेला कागद, सह्या झालेला करार, राजपत्रात गेलेला मजकूर असेल तर एका स्पेसलाही हात लावू नका; वकिलांना विचारा.

आणि पीडीएफ छापखान्यात गेली असेल, प्लेटा निघाल्या असतील, तर फोन करून फक्त एवढं विचारा की पहिला फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा पहिला संच, यंत्रावर चढलाय का. चढला असेल तर राहू द्या, पुढच्या आवृत्तीच्या फाइलमध्ये दुरुस्त करा.

व्यावसायिकाकडे देताना चार गोष्टी द्या: हात न लावलेली मूळ फाइल, तुम्ही बदललेली फाइल, वापरलेले फॉन्ट, आणि जिथली जागा मुद्दाम सोडलेली आहे तिथे पेन्सिलने खूण केलेली छापील प्रत. लघुलेखक काकांनी दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी अशी प्रत आणली होती. दोनशे दहा पानांत त्यांची एकच खूण होती, बायकोला लिहिलेल्या पत्रात, शेवटचं वाक्य आणि सही यांच्यामध्ये. शेजारी लिहिलं होतं, ‘इथली तेवढी राहू द्या.’ ती मी तीन ओळींची ठेवली.